टीव्हीमागची एलईडी पट्टी: कॅमेरा की एचडीएमआय बॉक्स?

टीव्हीमागची ही पट्टी पडद्यावरच्या रंगांप्रमाणे आपले रंग बदलते; ते रंग तिला पडद्याकडे बघणाऱ्या कॅमेऱ्यातून नाहीतर एचडीएमआय बॉक्समधून कळतात. टीव्हीतल्याच ॲपवर सिनेमे बघत असाल तर कॅमेरावाला संच घ्या. एचडीएमआय बॉक्स सेट-टॉप बॉक्स किंवा गेम कन्सोल आणि टीव्ही यांच्यामध्ये जोडतात, त्यामुळे त्याला फक्त त्याच्यातून जाणारा सिग्नल कळतो. टीव्हीच्या आतलं ॲप चालू केलं की पट्टी ढिम्म राहते. कॅमेरा मात्र पडद्यावर जे दिसेल ते टिपतो. पण खोलीतला दिवा लागला की रंग फिके पडतात, आणि कॅमेऱ्याला जरा धक्का लागला की कोपरे पुन्हा जुळवत बसा.

रंगांचा अचूकपणा बॉक्सचाच. गेमिंगसाठीही तोच, कारण प्रकाश मागे रेंगाळत नाही. फक्त 4के 120 हर्ट्झ (4के चित्र, सेकंदाला 120 वेळा) हवं असेल तर बॉक्स एचडीएमआय 2.1 चा आहे ना, हे आधी बघा. भिंत पांढरी असेल तर दोन्हींचे रंग खुलतात.