रात्रीचा दर की चोवीस तासांचा?

इंदूरच्या मराठी घरांतली मुलं पुण्याला, बंगळुरूला गेली, आणि कितीतरी घरांत आता आईवडील आणि एक कुत्रा एवढीच माणसं उरली आहेत. पुण्यात नातवाची मुंज निघाली किंवा भाचीचं लग्न ठरलं की पहिला प्रश्न येतो तो कुत्र्याचा. त्याला परक्या जागी ठेवायला जीव होत नाही, शिवाय घरही बंद ठेवायचं नसतं. म्हणून कुणीतरी येऊन राहावं अशी मागणी वाढते आहे. हे काम नव्याने करणारे मला विचारतात, पैसे किती सांगायचे? मी म्हणतो, किती ते नंतर पाहू, आधी कशाचे घ्यायचे ते ठरवा. मी रात्रीच्या दराने सुरुवात केली, मध्ये काही काळ कामागणिक दर लावला, आणि आता चोवीस तासांचा दर घेतो.

रात्रीच्या दराचं मोठं सुख म्हणजे तो सांगायला सोपा. ‘रात्रीचे आठशे’ म्हटलं की काकू तिथल्या तिथे हिशोब करतात, कागद लागत नाही. छोट्या मुक्कामाला तो योग्यही आहे. उज्जैनला भस्म आरतीसाठी मंडळी संध्याकाळी निघतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येतात, तेव्हा पूर्ण दिवसाचे पैसे मागणं मलाही प्रशस्त वाटत नाही. अशा मुक्कामासाठी मी रात्रीचा दर अजून राखून ठेवला आहे.

पण मुक्काम दोन रात्रींचा झाला की हा दर लंगडा पडतो. एक घर शुक्रवारी दुपारी चारला निघतं आणि रविवारी सकाळी अकराला परततं. दुसरं शुक्रवारी सकाळी दहालाच निघतं आणि रविवारी रात्री आठला येतं. दोन्हीकडे रात्री दोनच, म्हणजे सोळाशे रुपये. एकीकडे त्रेचाळीस तास, दुसरीकडे अठ्ठावन्न. मधल्या पंधरा तासांत कुत्र्याचं फिरणं आहे, खाणं आहे, दारावरची कुरिअरं आहेत.

मला खरा त्रास झाला तो शेवटच्या दिवशीच्या सकाळचा. पुण्याहून येणारी ट्रॅव्हल्स पहाटे पोहोचेल असं सांगितलेलं असतं. मी कुत्र्याला फिरवून, अंथरूण आवरून, ओटा पुसून तयार असतो. मग फोन येतो, ‘अरे, बिजासन घाटात ट्रक आडवा झालाय, तासाभरात सुटेल रांग.’ घाटातला एक तास केवढा असतो, हे सेंधव्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुत्र्याला एकटं सोडून निघता येत नाही आणि पुढच्या घरी वेळही देता येत नाही. एका घरची मंडळी अशीच दिवेलागणीला पोहोचली. काकांनी दोन रात्रींचे पैसे मोजून हातात ठेवले. मी त्या दिवसाचं विचारलं, तर ते अगदी मनापासून म्हणाले, ‘पण तिसरी रात्र कुठे झाली?’ ठरल्याप्रमाणे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. माझा दिवस मात्र गेला होता. कधी घाट, कधी धुक्याने लांबलेलं विमान, कधी ‘जेवूनच निघा’ असा नातेवाइकांचा आग्रह. हे इतक्या घरी झालं की दर बदलण्यावाचून मला दुसरी वाट दिसेना.

विचार केला तेव्हा लक्षात आलं की या कामात रात्र हाच सगळ्यांत हलका भाग आहे. रात्री मी झोपतो, कुत्राही झोपतो. कष्ट असतात ते सकाळ-संध्याकाळचे. उजाडताच फिरवणं, त्याची घाण कागदात उचलणं, कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेऊन फाटकाशी उभं राहणं. आपल्याकडे नर्मदेचा नळ पुष्कळ भागांत एक दिवसाआड येतो. त्या दिवशी हौद भरून मोटर लावली नाही, तर परतलेल्या माणसांना आंघोळीला पाणी नसतं. झाडांना पाणी, देवाजवळ दिवा, हेही बहुतेक घरी सांगितलेलं असतंच. रात्रीच्या दरात या सगळ्याची किंमत कुठेच धरलेली नसते.

कामागणिक दर कागदावर सर्वांत न्याय्य दिसतो. फिरवण्याचे इतके, दुसऱ्या कुत्र्याचे इतके, गोळी देण्याचे इतके. पण मग प्रत्येक ओळीवर घासाघीस होते. ‘तो गोळी पोळीत घालून दिली की खातो रे’, ‘मांजराचं काय, ती तर दिवसभर माळ्यावरच असते’. यात माझं मन रमलं नाही. ज्यांना बारीक हिशोब आवडतो, त्यांना कदाचित जमेल. दोन गोष्टींचे जादा पैसे मात्र मी आजही वेगळे सांगतो. एक, इन्शुलिनचं इंजेक्शन किंवा फिट येऊ नये म्हणूनच्या गोळ्या. ही औषधं साधारण बारा-बारा तासांच्या अंतराने, वेळ सांभाळून द्याव्या लागतात, त्यामुळे माझी सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही बांधली जाते. दुसरं, तीन-चार महिन्यांचं पिल्लू, कारण ते रात्रीत दोन-तीनदा उठवतं. घरात फक्त मांजर असेल तर मी स्वतःच सांगतो, मुक्कामाची गरज नाही, दिवसातून दोन फेऱ्या पुरतील.

चोवीस तासांचा माझा दर हजार रुपये आहे, आणि तो किल्ली हातात आल्यापासून मोजतो. चोवीस तास भरल्यावर परतायला तीन तासांपर्यंत उशीर झाला तर काही घेत नाही. त्यापुढे बारा तासांपर्यंत अर्धा दिवस, आणि त्याहून जास्त झालं तर पूर्ण दिवस. वरच्या उदाहरणात पहिल्या घराचे दोन हजार होतात, दुसऱ्याचे अडीच हजार. पहिल्या घराला हे थोडं महाग पडतं, हे मान्य करायला हवं. एकोणीस तासांना पूर्ण दिवस धरणं काहींना कडक वाटतं, तेव्हा तुम्ही पाव दिवसाचं मापही ठेवू शकता. पण घाटात गाडी अडकल्याचा फोन आला की आता मी शांतपणे ‘सावकाश या’ म्हणू शकतो, आणि समोरच्यालाही ओशाळं वाटत नाही. मला याचं मोल फार वाटतं.

आकडा ठरवताना घरकामाच्या बाईंच्या पगाराशी तुलना करू नका. शहरातल्या दोन-तीन डॉग बोर्डिंगना दिवसाचा दर विचारा आणि आपला त्याच्या वर ठेवा. तिथे एक माणूस अनेक कुत्री सांभाळतो. तुम्ही एकाच घराला वाहिलेले असता आणि घरही राखता. दिवाळी आणि रंगपंचमीला मी दीडपट घेतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीत फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली होती, पण आवाज काही तेवढ्यात आटोपत नाहीत, आणि घाबरलेल्या कुत्र्याजवळून तासभरही हलता येत नाही. रंगपंचमीला राजवाड्याच्या बाजूला घर असेल, तर गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, आटोपेपर्यंत बाहेर पडणं अवघड असतं.

डॉक्टरांचा आणि रिक्षाचा खर्च दरात धरू नका. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण ते वीस-पंचवीस किलोमीटरवर. म्हणून घराजवळच्या नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर आणि न विचारता किती खर्च करायचा तो आकडा, दोन्ही आधी घ्या.

ओळखीच्या घरी पैसे सांगायला जीभ अडखळते. ‘तू तर घरचाच’ असं ऐकल्यावर तर अधिकच. मी अशा घरी आठवड्याहून मोठ्या मुक्कामाला दर थोडा कमी करतो, पण मोजायची पद्धत बदलत नाही. आणि निघायच्या आदल्या दिवशी एवढं लिहून पाठवतो: ‘काकू, किल्ली उद्या चारला घेतो. चोवीस तासांचे हजार, अर्धे आज पाठवा. यायला तीन तास इकडेतिकडे झाले तर चालेल, त्यापुढे अर्धा दिवस धरू. गाडीत बसलात की कळवा.’