आयडलर बुश, ड्रॅग लिंक, टाय रॉड घरीच बदलले: काही महिन्यांनंतरचा अनुभव

मर्सिडीज डब्ल्यू १२३ सारख्या जुन्या गाडीच्या स्टिअरिंगला प्ले (चाकं न वळता स्टिअरिंग फिरतं तो ढिलेपणा) आला की पहिला संशय स्टिअरिंग बॉक्सवर, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं पुढे पोचवणाऱ्या गिअरच्या डब्यावर जातो, आणि त्याच्या वरचा स्क्रू आवळून बघ असं कुणीतरी सांगतंच. त्या स्क्रूला आधी हात लावू नका. गाडी चाकांवरच उभी ठेवायची, हँडब्रेक ओढायचा, ठोकळे लावायचे, इंजिन चालू. आत बसलेल्याने स्टिअरिंग जरा-जरा हलवायचं आणि आपण बाजूने हात घालून एकेक जोड चाचपायचा. माझ्या गाडीत ड्रॅग लिंक (मधला आडवा दांडा) आडवी सरकायच्या आधी आयडलर आर्मच (त्या दांड्याचं बॉक्सच्या विरुद्ध बाजूचं टोक धरणारा हात) वर उचलला जात होता. त्याची बुश (आतलं रबरी अस्तर) काढली तर रबराचा नुसता काळा भुगा निघाला.

मग बुश किट, ड्रॅग लिंक, दोन्ही टाय रॉड (चाकं वळवणारे बाजूचे दांडे) आणि डॅम्पर (स्टिअरिंगचा छोटा शॉक अ‍ॅब्सॉर्बर), सगळंच बदलून टाकलं.

खरी मेहनत जुने बॉल जॉइंट (दांड्यांच्या टोकांचे गोल सांधे) सोडवण्यात आहे. फोर्क (दुबोटी पाचर) ठोकून जोड सुटतो, पण रबर बूट (सांध्यावरचं रबरी टोपण) फाटतो. पार्ट फेकूनच द्यायचा असेल तर हरकत नाही. मला पुलर (स्क्रूच्या दाबाने जोड सोडवायचं साधन) बरा वाटला. नट दोन-चार आट्यांवर राहू द्यायचा, पुलर घट्ट आवळायचा आणि आर्मच्या भोकाच्या बाजूवर हातोडीचा एक नेमका ठोका. टेपर (पिनेचा भोकात घट्ट बसलेला निमुळता भाग) टक्कन सुटतो. नवीन बसवताना नटाबरोबर पिनही गरगर फिरायला लागली, तर जॉइंटला खालून जॅकचा हलका दाब द्या. टेपरने धरलं की ती थांबते. सेल्फ-लॉकिंग नट नवेच हवेत. आयडलरचा बोल्ट चाकं सरळ ठेवूनच शेवटचा आवळा, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं.

टाय रॉडची लांबी जुन्यावरून मोजून घेतली, तरी अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) करून घ्यावीच लागते. मापाचा उपयोग अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी नीट चालवत नेण्यापुरता.

आता वापराचं. सगळ्यात जास्त फरक पाडला तो सगळ्यात स्वस्त बुश किटने. खड्ड्यात येणारा टकटक आवाज गेला, वेगात गाडी सारखी सावरावी लागत नाही. डॅम्परवर मात्र पैसे उगाच गेले. तो प्ले घालवत नाही, फक्त थरथर दाबतो. जुना गळत नसेल आणि दोन्हीकडे सारखा जड चालत असेल तर राहू द्या.

मधोमध किंचित प्ले अजून आहे, तो बॉक्सचा. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे झीजही तिथेच जास्त. तो शून्यावर आणायला स्क्रू फार आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही, म्हणून तसाच ठेवलाय.

तक्रार एकच. टाय रॉड स्वस्तातले घेतले होते. डावीकडच्या बाहेरच्या जॉइंटच्या बूटला इतक्यातच चिरा पडल्यात आणि ग्रीस बाहेर दिसतंय. जोड अजून घट्ट आहे, पण आत धूळ शिरायच्या आधी तेवढा एंड चांगल्या कंपनीचा टाकणार आहे.