क्राउन कोर्टातली विटनेस सर्व्हिस: बोर्डिंगच्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी कितपत कामाची?

इंग्लंडच्या बोर्डिंग शाळांतून बाहेर पडलेली मंडळी चाळीस वर्षांनी भेटली, तरी गप्पा फिरून फिरून चॅपलवर, म्हणजे शाळेच्या प्रार्थनाघरावर येतात. थंडगार बाकं, भिंतीवरच्या फळीवर लावलेले भजनांचे आकडे, समोरासमोर बसलेल्या रांगा, मागच्या उंच आसनांवर शिक्षक. पाचगणीच्या मिशनरी शाळांत शिकलेल्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. पण त्याच शाळेतल्या एखाद्या शिक्षकावर मुलांच्या लैंगिक छळाचा खटला उभा राहिला की या गप्पा साध्या राहत नाहीत. ज्यांना साक्षीला उभं राहायचंय, त्यांच्यासाठी क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर फौजदारी खटले ज्युरीसमोर चालतात त्या कोर्टात, एक मोफत सेवा आहे, विटनेस सर्व्हिस. हे परीक्षण तिचं आहे, आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या नजरेतूनच आहे.

इंग्लंड आणि वेल्सच्या फौजदारी कोर्टांत ही सेवा एप्रिल 2015 पासून सिटिझन्स ॲडव्हाइस ही सेवाभावी संस्था चालवते. त्याआधी ती व्हिक्टिम सपोर्ट या दुसऱ्या संस्थेकडे होती. स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी, ती इथे धरलेली नाही. सेवा फिर्यादी पक्षाच्या साक्षीदारांना आहे, तशी बचाव पक्षाच्याही. कोर्टात तुमच्यासोबत असतात ते प्रामुख्याने प्रशिक्षित स्वयंसेवक. ते वकील नाहीत, समुपदेशक नाहीत. तुम्ही साक्षीत काय सांगणार, यावर त्यांनी तुमच्याशी बोलायचं नसतं. बऱ्याच जणांचा पहिला अपेक्षाभंग इथेच होतो. समोर प्रेमळ चेहरा, हातात चहाचा कप, आणि तुम्ही "त्या दिवशी चॅपलमागच्या खोलीत..." म्हणताच ती व्यक्ती हळूच थांबवते. राग येऊ देऊ नका. साक्षीदाराला कोणी पढवलं, असा नुसता वास जरी बचावाच्या वकिलाला आला, तरी तो उलटतपासणीत त्याचं सोनं करतो. ही सेवा पुराव्यावर बोलत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण आहे.

सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे खटल्याआधीची कोर्टभेट. ती मागून घ्यावीच. खोल्या चालू कामकाजात अडकलेल्या असतात, त्यामुळे ही भेट बहुधा सकाळी दहाच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत किंवा दुपारी चारनंतर पदरात पडते. नुसती खोली बघून परतू नका. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात प्रत्यक्ष उभे राहा. आरोपीची काचेची जागा कुठल्या बाजूला आहे, बारा ज्युरी कुठे बसतात, प्रेक्षकांच्या जागेवरून तुम्ही दिसता का, हे तिथूनच कळतं. पडदा लावून दाखवायला सांगा. पडद्यामुळे न्यायाधीश, ज्युरी आणि वकील तुम्हाला बघू शकतात, आरोपी नाही. प्रेक्षकांपासून मात्र तो दर वेळी झाकतोच असं नाही, आणि अशा खटल्यांत प्रेक्षकांत शाळेचेच जुने चेहरे बसलेले असण्याची शक्यता मोठी. आत यायला वेगळं दार आहे का, तेही याच वेळी विचारा.

व्हिडिओ लिंकबद्दल एक गैरसमज हमखास आढळतो. दुसऱ्या खोलीत बसलो म्हणजे आरोपीला आपण दिसणार नाही, असं लोक धरून चालतात. तसं नाही. कोर्टातल्या टीव्हीवर तो तुम्हाला बघू शकतो. ते नको असेल तर लिंक आणि आडोसा, दोन्हींची एकत्र मागणी करावी लागते. ही मागणी विटनेस सर्व्हिस करत नाही. 1999 च्या कायद्याखाली या 'विशेष उपाययोजना' मिळतात. अर्ज फिर्यादी पक्ष करतो, परवानगी न्यायाधीश देतो. लैंगिक गुन्ह्यातील तक्रारदार त्यासाठी मुळातच पात्र धरले जातात. तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि अर्ज खरंच गेला का, याचा पाठपुरावा करा. लिंकच्या खोलीत कोणी सोबत बसावं असं वाटत असेल, तर तेही त्याच अर्जात आलं पाहिजे.

तारखांच्या बाबतीत या सेवेला दोष देऊन उपयोग नाही. तारीख कळवायचं काम विटनेस केअर युनिटचं, म्हणजे साक्षीदारांशी संपर्क ठेवणाऱ्या वेगळ्याच कार्यालयाचं. नावं इतकी सारखी की चुकीच्या ठिकाणी फोन करण्यात आठवडा जातो. क्राउन कोर्टात 70,000 हून अधिक खटले तुंबलेले आहेत, त्यामुळे तारीख पुढे जाणार हे गृहीतच धरा. आपला खटला 'फ्लोटिंग' यादीत आहे का, हे जरूर विचारा. असेल तर त्याला स्वतःची खोली ठरलेली नसते; एखादी रिकामी झाली तर नंबर लागतो, नाहीतर दिवसभर बसून घरी.

आता चॅपलच्या आठवणींकडे. त्यांचं इतकं महत्त्व का, हे सेवेतलं कोणी सांगणार नाही, म्हणून इथे जरा सविस्तर. जुन्या गुन्ह्याला कायदा लागतो तो त्या दिवसाचा. 1 मे 2004 पूर्वीच्या घटनांना मुख्यतः 1956 चा लैंगिक गुन्हे कायदा लागतो. त्यातला 'इन्डीसन्ट असॉल्ट', म्हणजे आपल्याकडच्या विनयभंगाच्या जवळपासचा गुन्हा, तेरा वर्षांवरच्या मुलीच्या बाबतीत घडला असेल तर कमाल शिक्षा होती फक्त दोन वर्षं. 16 सप्टेंबर 1985 पासून ती दहा झाली. मुलग्यांच्या बाबतीत ती आधीपासूनच दहा होती. मुलींच्या शाळेतली एखादी साक्षीदार म्हणते, "हुतात्म्यांच्या रविवारची प्रार्थना होती, कोटावर कागदी पॉपी होती." हा रविवार, म्हणजे युद्धांत कामी आलेल्यांच्या स्मरणाचा 'रिमेम्ब्रन्स संडे', नोव्हेंबरातला दुसरा; त्यासाठी छातीवर पॉपीचं लाल फूल लावतात. 1984 मध्ये तो 11 तारखेला आला, 1985 मध्ये 10 तारखेला. दोन रविवार, दोन पॉप्या, आणि मधे शिक्षेत आठ वर्षांचा फरक. त्या वर्षी आपण कुठल्या रांगेत बसत होतो, धाकट्यांच्या पुढच्या की वरच्या वर्गाच्या मागच्या, यावर साल ठरू शकतं.

म्हणूनच आठवण कशी जपायची, याला शिस्त हवी. जे आठवतं ते एकट्याने लिहा, खाली तारीख घाला, आणि कागद पोलिसांना दाखवा. जिथे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असंच लिहा. शाळेच्या वेबसाइटवरचे चॅपलचे आजचे फोटो बघत बसू नका. मधल्या काळात बाकं बदललेली असतात, ऑर्गन हललेला असतो, एखादं दार बुजवलेलं असतं, आणि नवं चित्र जुन्यावर नकळत चढतं. तारीख पडताळायची तर चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमानुसार चॅपलात उपासनांची नोंदवही ठेवलेली असते, कन्फर्मेशन हा ख्रिस्ती संस्कार झालेल्या मुलांच्या नोंदी असतात, सत्राचं छापील कॅलेंडर असतं. ते शोधायचं काम पोलिसांवर सोडा. चार जुन्या मित्रांनी व्हॉट्सॲपवर "अरे, ते 84 की 85?" करत एकमत केलं की चौघांची साक्ष एकाच साच्यातली वाटते. ते संदेश बचाव पक्षाच्या हाती पडू शकतात. भजनांच्या चाली खुशाल गुणगुणा, आरोपांबद्दल अवाक्षर नको. तक्रारदाराची ओळख जाहीर करणं तर स्वतंत्र गुन्हा आहे. हे संरक्षण तक्रारदाराला आयुष्यभर असतं.

साक्षीच्या दिवशी सेवा पुन्हा उपयोगी पडते. साक्षीदारांची प्रतीक्षाखोली वेगळी असते. दारावर विमानतळासारखी तपासणी होते. पाण्याची बाटली असेल तर समोरच एक घोट प्यायला सांगतात. डबा आणि पुस्तक न्या, थांबणं लांबतं. पोलिसांनी जबानी व्हिडिओवर घेतली असेल तर ती साक्षीआधी पुन्हा बघायला मिळते. ही सोय अधिकाऱ्याने करायची असते, आणि ती आयत्या वेळेवर ढकलली तर धांदल उडते. साक्ष अर्धवट राहून रात्र मधे आली, तर त्या रात्री कोणाशीही तिच्याबद्दल बोलायचं नाही, नवरा-बायकोशीसुद्धा नाही. कोर्टात स्वयंसेवक सोबत बसेल, पण गप्प.

शपथेचा मुद्दा कोर्टभेटीतच मिटवून टाका. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर हातात बायबल येईल असं समजून अनेक जण निमूटपणे ते घेतात. ज्याच्या मनात चॅपल आणि छळ एकमेकांत गुंतलेले आहेत, त्याला तो स्पर्श ऐन साक्षीच्या तोंडावर हादरवू शकतो. 1978 च्या कायद्याने देवाचं नाव न घेता नुसती प्रतिज्ञा करता येते, तिचं वजन तितकंच. हिंदू साक्षीदाराला गीतेवर हात ठेवता येतो. आधी सांगून ठेवलं की स्वयंसेवक ते कोर्टाच्या शिपायाच्या कानावर घालतो आणि योग्य शपथेचा मजकूर असलेलं कार्ड समोर येतं.

कोर्टभेट आणि साक्षीच्या दिवसाची सोबत यांना पाचपैकी पाच. आधीच्या लांबलचक प्रतीक्षेतल्या आधारासाठी तीन, कारण लैंगिक गुन्ह्यांसाठीचा स्वतंत्र सल्लागार, म्हणजे इस्वा, ते काम जास्त चांगलं करतो. दोन्ही घ्या, एकाच्या बदल्यात दुसरा नको. भारतात राहणाऱ्यांनी लिंकवरून साक्ष देता येईल असं धरून चालू नये. त्यासाठी भारत सरकारची संमती लागू शकते, म्हणून तपास अधिकाऱ्याला काही महिने आधी विचारा. फिर्यादी पक्षाच्या साक्षीदाराला प्रवासखर्च, जेवण आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग परत मिळतो. त्याचा फॉर्म निघतानाच मागून घ्या, आणि रेल्वेची तिकिटं फेकू नका.