कानात सतत आवाज येतो: आधी श्रवणयंत्र, रात्रीचा आवाज की समुपदेशन?

आमच्या घरात दोघांच्या कानात आवाज येतो. दादाच्या दोन्ही कानांत दिवसरात्र रातकिडे ओरडतात. माझ्या डोक्यात मधोमध एक बारीक सूं चालू असतो, कुकरची शिट्टी सुटायच्या आधी वाफ जशी कुजबुजते तसा. दादाने सव्वीस वर्षं यंत्रमागाच्या खात्यात काढली. मी शाळेत शिकवते, आणि माझा आवाज दोन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात, झोपेचं पार खोबरं झालेलं असताना सुरू झाला. दोघंही एकाच आठवड्यात नागपुरात धंतोलीत कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्रासाचं नाव दोघांचं एकच निघालं, टिनिटस, पण पुढचा रस्ता वेगळा निघाला. हाच त्रास असलेले ओळखीचे लोक आता विचारतात की यंत्र घ्यावं का, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

निवड करायच्या आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं. दादाच्या कागदावर रेघ चार हजार हर्ट्झजवळ खड्ड्यात उतरली होती. वर्षानुवर्षं गोंगाटात काम केलेल्या कानाची ही ओळखीची खूण. माझी रेघ जवळजवळ सरळ होती. आमचे रस्ते तिथेच वेगळे झाले. खासगीत जायचं नसेल तर नागपूरची सरकारी रुग्णालयं आहेत: मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहे. कधी कधी कारण नुसता साचलेला मळही असतो, म्हणून कान आतून बघून घेतलाच पाहिजे. घरी तेल मात्र सोडू नका.

काही लोकांनी मात्र निवडीच्या भानगडीत पडूच नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण त्यावरच्या स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत चक्कर येत असेल किंवा तोंड वाकडं झालं असेल, तरी आधी नीट तपासणी.

आता यंत्राबद्दल. दादाला भाजीवाला 'साठ' म्हणाला की 'आठ' ऐकू यायचं. स, श, फ ही अक्षरं उंच पट्टीतली, आणि त्याचा कान गेला होता तो तिथेच. बाहेरून येणारा आवाज कमी पडला की मेंदू आपला आवाज वाढवण्याचं बटण पिळत जातो, आणि त्यातून हा नाद जास्त जाणवतो, असं ऑडिओलॉजिस्टने त्याला समजावलं. श्रवणयंत्राने बाहेरचा आवाज परत आत येतो, आणि आतला मागे सरकतो. पहिल्या दिवशी दादा वैतागला होता. फोडणीतला कांदा त्याला दगड पडल्यासारखा वाजत होता आणि स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा. तिसऱ्या आठवड्यात जेवताना अचानक म्हणाला, "बाई, सकाळपासून रातकिडे आठवलेच नाही मला."

यंत्राची उणीवही तिथेच आहे. रात्री ते काढून ठेवलं की रातकिडे परत येतात. खर्च मोठा आहे. एका कानाचं साधं यंत्रही काही हजारांना पडतं आणि महागडं लाखाच्या पुढे जातं. छोट्या 312 नंबरच्या बॅटऱ्या साधारण आठवडाभर चालतात, आणि पावसाळ्यात यंत्र ओलाव्यापासून जपावं लागतं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत यंत्र मिळतं, पण त्याला 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची अट आहे. दादा त्यात बसला नाही. तरीही ज्याच्या ऑडिओमेट्रीत ऐकणं कमी दिसतं, त्याने पहिला पैसा यंत्रावरच घालावा असं माझं ठाम मत आहे. ऐकणं ठीक असताना केवळ नादासाठी यंत्र गळ्यात मारणारा कोणी भेटला, तर तिथून उठून या.

रात्रीच्या आवाजाचं मोल मला कूलरने शिकवलं. नागपूरच्या उन्हाळ्यात मी गाढ झोपत होते. मला वाटलं, बरं झालं, गेलं एकदाचं. दसऱ्यानंतर कूलर बंद झाला आणि पहिल्याच रात्री तो सूं खोलीभर पसरला. वाढलेला नव्हताच तो, फक्त कूलरच्या पाण्याची आणि पंख्याची घरघर निघून गेली होती. तेव्हापासून मी उशाशी जुना रेडिओ ठेवते, दोन स्टेशनांच्या मधे लावून. नुसती खरखर. फोनवर पावसाचा आवाजही चालतो, पण टायमर लावू नका. तासाभराने तो बंद होतो आणि त्या शांततेनेच जाग येते. आवाज इतकाच ठेवा की नाद त्याच्या आडून थोडा ऐकू येत राहील. पूर्ण बुडवला तर मेंदूला त्याच्याकडे दुर्लक्ष करायची सवयच लागत नाही. फुकटातला उपाय आहे, आणि दादालाही रात्री यंत्र काढल्यावर हाच कामी येतो. पण दिवसा वर्गात मी रेडिओ घेऊन फिरू शकत नाही, आणि नादाची भीती खरखरीने जात नाही.

माझ्यासाठी खरा उपाय ठरलं समुपदेशन. त्यातल्या पद्धतीचं नाव सीबीटी, त्रास वाढवणारे विचार आणि सवयी ओळखून बदलायला शिकवणारी. नादाचा मोठेपणा त्याने कमी होत नाही, हे मला पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितलं गेलं, आणि त्या प्रामाणिकपणामुळेच मी दुसऱ्यांदा गेले. मला एक वही दिली. रोज रात्री दोन आकडे लिहायचे, आवाज किती आणि त्रास किती, शून्य ते दहा. दीड महिन्याने वही उघडली. भाचीच्या साखरपुड्याच्या दिवशी आवाज 7, त्रास 2. एका रविवारी दुपारी, घरात एकटी असताना, आवाज 5, त्रास 9. दोन्ही पानं शेजारी ठेवून मी किती तरी वेळ बघत राहिले. तोवर मला वाटत होतं की आवाज मोठा म्हणून मी दुःखी. 'हा वाढतच जाणार आणि मला वेड लागणार' हे वाक्य मी रोज मनात म्हणत होते, आणि वहीत त्याला एकाही दिवसाचा पुरावा नव्हता.

सीबीटीला वेळ लागतो. माझ्या आठ बैठका झाल्या. घरी अभ्यास करावा लागतो, आणि नादाच्या रुग्णांबरोबर काम केलेला मानसोपचारतज्ज्ञ शोधावा लागतो. फोन करतानाच तसं विचारून घ्या. पण नादाच्या त्रासावर अभ्यासांतून सर्वांत भक्कम आधार मिळालेला उपाय हाच आहे. मन फारच खचलं असेल तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका, 14416 या टेली-मानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

गोळ्यांबद्दल थोडक्यात सांगते. आधी एका दवाखान्यात मला तीन महिने बीटाहिस्टीन (चक्करेवरचं औषध) आणि जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) यांच्या गोळ्या दिल्या होत्या. फरक शून्य. पुढे कळलं की नुसत्या नादासाठी बीटाहिस्टीन देऊ नये असं ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2020 च्या मार्गदर्शिकेत आहे, आणि अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या 2014 च्या मार्गदर्शिकेने जिंको, झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस करू नका म्हटलं आहे. मेनिअर या कानाच्या आजारातल्या चक्करेसाठी बीटाहिस्टीन चालू असेल तर ती गोष्ट वेगळी, ती मनाने बंद करू नका.

म्हणून मला कोणी विचारलं तर मी आधी ऑडिओमेट्रीचा कागद बघायला मागते. ऐकणं कमी असेल तर यंत्र, रात्री रेडिओची खरखर, आणि तरीही जीव घाबरत असेल तर समुपदेशन. ऐकणं ठीक असेल तर समुपदेशन आणि खरखर एकाच आठवड्यात सुरू करा. दोघांनीही मारबतीच्या मिरवणुकीत आणि डीजेसमोर फोमचे इअरप्लग घालावेत, पण घरातल्या शांततेत काढून ठेवावेत, नाहीतर नाद आणखी पुढे येतो.

यंत्र घ्यायचंच ठरलं तर पैसे देण्याआधी आठवडाभर घरी वापरायला मागा. दादाने ते घालून एक संध्याकाळ इतवारीत काढली, एक आमच्या स्वयंपाकघरात, आणि एक रात्री गच्चीवर नुसतं बसून. गच्चीवर त्याने डावीकडचा आवाज थोडा वाढवून घ्यायचं ठरवलं, आणि सोमवारी जाऊन तेवढं बदलून आणलं.