ज्यासाठी १,०८० डॉलर मोजले, ते जूमलात आधीपासूनच होते

हा अनुभव लिहायला मला पाच महिने लागले, कारण झालेल्या नुकसानीपेक्षा त्याची लाज अधिक बोचते. तरीही लिहीत आहे, कारण ज्या माणसाने मला फसवले तो आजही त्याच पद्धतीने कामे घेत असणार, आणि स्वतःचे संकेतस्थळ असूनही त्याच्या आतल्या यंत्रणेकडे कधी न पाहिलेली माझ्यासारखी माणसे पुष्कळ आहेत.

माझे संकेतस्थळ जूमला या, संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीवर आहे आणि त्यावर आरोग्यविषयक ३१२ लेख आहेत. प्रत्येक लेखाच्या मध्यावर एक सूचनेची चौकट असते आणि शेवटी नोंदणीचा अर्ज असतो. पूर्वी ही चौकट प्रत्येक लेखात हाताने चिकटवलेली होती, त्यामुळे सूचनेतले एक वाक्य बदलायचे झाले की ३१२ लेख एकेक करून उघडावे लागत. एकदा असे करताना चाळीसेक लेखांत जुनीच सूचना राहून गेली आणि ती एका वाचकाने दाखवून दिली, तेव्हा मी ठरवले की चौकट एकाच ठिकाणी, एका मॉड्यूलमध्ये, म्हणजे पानावर हवा तिथे दाखवता येणाऱ्या स्वतंत्र तुकड्यात, ठेवायची आणि लेखांत फक्त तिची खूण टाकायची. मागणी एवढीच होती.

मी आधी स्वतः प्रयत्न केला नव्हता, असे कोणी समजू नये. मॉड्यूल तयार केले, त्याला एका जागेचे नाव दिले आणि लेखात महिरपी कंसात ‘लोडपोझिशन’ हा शब्द व पुढे ते नाव लिहिले. लेख उघडून पाहिला तर त्या ठिकाणी काहीच नव्हते. ना कंस, ना चौकट. मी निष्कर्ष काढला की माझ्या जूमलात ही सोय नाही. वस्तुतः कंस नाहीसे झाले होते, हाच सोय असल्याचा पुरावा होता, कारण ते काम करणारे प्लगइन, म्हणजे जूमलाला जोडलेला छोटा प्रोग्राम, बंद असते तर कंसासह तो मजकूर वाचकाला जसाच्या तसा दिसला असता. चौकट दिसत नव्हती ती एवढ्यासाठी, की मॉड्यूल फक्त मुखपृष्ठाच्या मेनूला जोडलेले होते. मेनू-जोडणीत ‘सर्व पानांवर’ हा पर्याय निवडला असता तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती. असे झाले तर आधी मॉड्यूल प्रकाशित आहे का, ते कोणत्या मेनूला जोडले आहे आणि कोणत्या वाचकगटाला दिसते, या तीन गोष्टी पाहा. जागेचे नाव टेम्प्लेटमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या मांडणीच्या साच्यात, असावेच लागते असे नाही. स्वतः ठरवलेले कोणतेही नाव चालते.

कामे मिळवून देणाऱ्या एका मंचावर हा माणूस भेटला. त्याचे बोलणे नम्र होते, उत्तरे तत्पर होती आणि जुन्या ग्राहकांचे अभिप्राय चांगले होते. तो म्हणाला की जूमलाच्या लेखात मॉड्यूल बसवणे मुळात शक्य नाही, त्यासाठी त्याने गेल्याच महिन्यात स्वतंत्र प्लगइन लिहिले आहे आणि ते बसवण्याचे ४२० डॉलर होतील. माझा स्वतःचा प्रयत्न फसलेला असल्यामुळे त्याचे म्हणणे मला खरे वाटले. मी त्याला सुपर यूजरचे, म्हणजे संकेतस्थळावरचे सर्व अधिकार असलेले, खाते दिले.

आता त्या क्षणाबद्दल, जो मी अजून विसरू शकत नाही. काम झाल्यावर त्याने स्वतःचा पडदा मला दाखवला. एक्स्टेन्शनांच्या, म्हणजे जूमलात बसवलेल्या सगळ्या जोड-प्रोग्रामांच्या, यादीत तो एका ओळीवर थांबला आणि म्हणाला, ‘हेच आपले प्लगइन.’ त्या ओळीत नावापुढे तारखेचा रकाना होता आणि त्यात २००५ साल होते. त्याशेजारी लेखकाचा रकाना होता आणि त्यात ‘जूमला प्रोजेक्ट’ असे लिहिले होते. गेल्या महिन्यात लिहिलेल्या प्लगइनवर २००५ सालची तारीख, म्हणजे जूमलाची पहिली आवृत्ती जेव्हा आली ते वर्ष! मी हे पाहिले. नुसते पाहिले नाही, तर विचारलेही. तो न अडखळता म्हणाला की तो रकाना मान्यतेचा असतो, जूमलाशी सुसंगत असलेल्या प्रत्येक प्लगइनवर तसेच छापून येते. मी ‘बरं’ म्हणाले. त्या एका ‘बरं’ची किंमत पुढे माझ्याकडून महिन्यामागून महिना वसूल झाली. त्या रात्री शोधयंत्रात त्या प्लगइनचे नाव टाकायला मला दोन मिनिटे पुरली असती, परंतु चौकट दिसू लागल्याचा आनंद इतका होता की शंका घेणे मला कृतघ्नपणाचे वाटले. लेखकाचा रकाना वाचा आणि त्यावर समोरचा माणूस काय सांगतो ते ऐकू नका.

पुढचे हिशेब असे आहेत. चौदा मॉड्यूल ‘जोडून देण्याचे’ प्रत्येकी १५ डॉलर, म्हणजे २१०. एका मॉड्यूलच्या मजकुरात दुसरे मॉड्यूल बसवायचे होते, त्याची ‘विशेष सुविधा’ ६० डॉलर. प्रत्यक्षात त्याने त्या मॉड्यूलच्या पर्यायांत मजकुरावर प्लगइनची प्रक्रिया करण्याचे बटण ‘होय’ केले होते, एवढेच. परवान्याचे दरमहा ३० डॉलर, असे आठ महिने, म्हणजे २४०. हे मासिक पैसे त्याने मंचाबाहेर, थेट मागितले, कारण मंच कमिशन कापतो. मी तेही मान्य केले. याच काळात त्याने माझ्या खात्याचे अधिकार कमी केले आणि मला फक्त लेख व मॉड्यूल दिसतील अशी व्यवस्था केली. कारण सांगितले की माझ्याकडून चुकून परवाना बंद पडू नये. आपल्याच घराच्या किल्ल्या मी त्याच्या हाती ठेवल्या. संकेतस्थळ तुमचे असेल तर सुपर यूजर तुम्हीच राहा. कोणी हा अधिकार काढून घेण्याचे कारण सांगू लागला, तर ते कारण कितीही पटले तरी काम तिथेच थांबवा.

नवव्या महिन्यात मी पैसे देण्यापूर्वी लेखी पावती मागितली. दोन दिवसांनी सकाळी ३१२ लेखांत चौकटीच्या जागी महिरपी कंस आणि त्यातला उघडावाघडा इंग्रजी मजकूर दिसू लागला. वाचकांची पत्रे येऊ लागली. तो म्हणाला की परवाना संपल्यामुळे सर्व्हरने प्लगइन आपोआप थांबवले आहे आणि नूतनीकरणाचे १५० डॉलर लागतील. मी त्याच रात्री पैसे भरले आणि चार मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. ४२०, २१०, ६०, २४० आणि १५०, मिळून १,०८० डॉलर.

त्या चार मिनिटांनी मात्र मला जागे केले. होस्टिंगचे, म्हणजे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवलेले आहे तिथले, खाते माझ्याच नावावर होते, त्यामुळे एका जाणकार परिचिताने डेटाबेसमधून माझे सुपर यूजरचे अधिकार परत मिळवून दिले. आम्ही प्लगइनांचे फोल्डर पाहिले, तर त्या माणसाने लिहिलेली एकही फाइल तिथे नव्हती. होते ते जूमलासोबत मुळातच येणारे आणि आपोआप चालू असणारे प्लगइन, ज्याचे काम लेखात मॉड्यूल आणणे हेच आहे. एडिटरमध्ये मॉड्यूल निवडून खूण टाकण्याचे बटणसुद्धा तिथेच होते. मॉड्यूलच्या क्रमांकावरून त्याला लेखात बोलावण्याचीही सोय होती. मग आम्ही कृतींची नोंदवही उघडली. जूमला ३.९ पासून प्रत्येक खात्याने काय केले ते तिच्यात लिहिले जाते. प्लगइन बंद केल्याची ओळ त्या माणसाच्या खात्यावर होती आणि ते पुन्हा चालू केल्याची ओळ माझे पैसे पोचल्यानंतर चार मिनिटांची होती. प्लगइन थांबवणारा कोणताही सर्व्हर नव्हता, विकत घेण्याचा परवाना नव्हता. जूमला जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स या मुक्त परवान्याखाली दिले जाते आणि त्यातली कोणतीही मूळ सोय चालू ठेवायला कोणाचीही किल्ली लागत नाही. मेहनतीचे पैसे जरूर द्यावेत, पण दरमहा परवाना मागणाऱ्याला त्याच्या प्लगइनची झिप फाइल आणि फोल्डरचे नाव लेखी मागा.

वर्डप्रेस ही जूमलासारखीच दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांनीही सावध असावे. तिथे चौकटी कंसातले शॉर्टकोड, म्हणजे लेखात टाकायच्या अशाच खुणा, २००८ सालच्या २.५ आवृत्तीपासून आहेत, आणि एकदा बदलून सगळीकडे बदलणारे ब्लॉक २०१८ पासून मूळ यंत्रणेतच आहेत. २०२३ साली त्यांचे फक्त नाव बदलले.

एवढा पुरावा हातात असताना दाद मिळेल, असे मला वाटले होते. मंचाच्या तक्रार विभागाने पहिले उत्तर अकरा दिवसांनी दिले: कामाला तीस दिवसांहून अधिक काळ लोटल्यामुळे वाद दाखल होत नाही, आणि उरलेले पैसे मंचाबाहेर दिल्यामुळे ते त्यांचे नाहीतच. त्या माणसाचे खाते तसेच चालू राहिले. बँकेने सांगितले की व्यवहार मीच मंजूर केले असल्यामुळे ही फसवणूक नसून सेवेबद्दलची नाराजी आहे. नाराजी! माझ्याच प्लगइनचे बटण बंद करून पैसे उकळले, त्याला नाराजी म्हणतात? पोलिसांच्या सायबर विभागात मी तीनदा गेले. पहिल्या वेळी अधिकाऱ्यांनी विचारले, ‘संकेतस्थळ चालू आहे ना? मग गेले काय?’ दुसऱ्या वेळी त्यांनी प्लगइन म्हणजे काय ते एका पानात लिहून आणायला सांगितले. मी लिहून नेले, तेव्हा ते अधिकारी रजेवर होते आणि त्यांच्या जागी बसलेल्यांनी ते पान न वाचताच परत केले. तिसऱ्या वेळी मला ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात पाठवले, तिथे पावती मागितली गेली, आणि पावती मागितल्यामुळेच माझ्या संकेतस्थळावरच्या चौकटी बंद पाडल्या गेल्या होत्या हे सांगितल्यावर समोरच्या बाईंनी पुढच्या माणसाला हाक मारली. एखाद्याच्या घराला कुलूप लावून किल्लीचे पैसे मागितले असते, तर गुन्हा कोणता ते कोणालाही समजले असते. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र तक्रार ऐकणाऱ्यालाच आधी शिकवावे लागते, आणि शिकवणाऱ्याकडे तो असा पाहतो की चूक तिचीच असावी.

त्या माणसाचे खाते मी बंद केले, सगळे पासवर्ड बदलले आणि सुपर यूजरच्या यादीत दुसरे कोणी राहिले नाही ना, हे दर आठवड्याला पाहते. कृतींच्या नोंदवहीची प्रत पहिल्याच दिवशी उतरवून ठेवली. तुम्हीही काही करण्याआधी ती उतरवा, कारण सुपर यूजरला ती पुसता येते. त्या दोन ओळींची छापील पाने जोडून सायबर विभागाकडे मी नव्याने लेखी अर्ज दिला आहे. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही.