गोसेखुर्दच्या पाण्यातील प्रवासी बोटीसाठी 11 पिचचा ॲल्युमिनियम पंखा

गोसेखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात, आंभोऱ्याच्या बाजूला, प्रवासी आणि पर्यटक नेणाऱ्या आमच्या फायबरच्या बोटीला यामाहाचे 40 अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक इंजिन आहे. त्याचा पहिला पंखा (पाण्यात फिरून बोट ढकलणारा प्रोपेलर) 11⅛ × 13 या मापाचा होता. पाण्याखालच्या खुंटावर आदळून त्याचे एक पाते वाकले, तेव्हा त्याच्या जागी तैवानी बनावटीचा, तीन पात्यांचा, 11⅝ × 11 मापाचा ॲल्युमिनियमचा पंखा बसवला. उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही ऋतू वापरून झाल्यावर तो घ्यावा असेच माझे मत आहे. मात्र ही शिफारस ब्रँडपेक्षा मापाची अधिक आहे, आणि ते माप कसे ठरवले हे सांगितल्याशिवाय तिला काही किंमत नाही.

पंख्यावरील पहिला आकडा व्यासाचा आणि दुसरा पिचचा असतो, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पाणी घट्ट असते आणि पंखा त्यात स्क्रूसारखा शिरत गेला असता, तर एका फेऱ्यात त्याने कापलेले अंतर. पाणी घट्ट नसल्यामुळे प्रत्यक्षातील अंतर नेहमीच कमी भरते. गिअरचे प्रमाण 2:1 असेल आणि इंजिन मिनिटाला 5300 फेऱ्यांवर असेल, तर पंखा 2650 फेरे घेतो. 11 इंच पिचने हिशेब केल्यास ताशी सुमारे 44 किलोमीटर येतात. भरलेली बोट प्रत्यक्षात ताशी 35 किलोमीटरने जात असेल, तर घसर, म्हणजे हिशेबापेक्षा प्रत्यक्षात पडलेली तूट, सुमारे 20 टक्के झाली. ओझे वाहणाऱ्या बोटीसाठी इतकी घसर वावगी नाही.

जुना पंखा मोडला की त्याच मापाचा नवा मागवायचा, हीच सर्वसाधारण पद्धत आहे, आणि नागपुरातील ज्या दुकानात आम्ही चौकशी केली तेथेही तोच आग्रह झाला. बोट कोणत्या पाण्यात चालते, किती माणसे बसतात आणि पूर्ण थ्रॉटलवर इंजिन किती फेरे घेते, यांपैकी एकही प्रश्न तेथे विचारला गेला नाही. वास्तविक पंख्याची निवड याच शेवटच्या प्रश्नावर अवलंबून असते. आमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलवर 5000 ते 6000 फेरे अपेक्षित आहेत. जुन्या पंख्याने, प्रवासी पूर्ण भरलेले असताना, ते 4800 च्या पुढे जात नव्हते. याचा अर्थ पिच त्या ओझ्याला जास्त होते. चढावर वरच्या गिअरमध्ये अडकलेल्या ट्रॅक्टरप्रमाणे इंजिन सतत दडपणाखाली राहते. पेट्रोल अधिक जळते, आत काजळी धरते आणि आयुष्य घटते, तरीही वेग मिळत नाही. पिच फारच कमी केले तर उलट घडते आणि रिकाम्या बोटीत इंजिन मर्यादेबाहेर फिरू पाहते.

पिच एका इंचाने कमी केले की साधारण 150 ते 200 फेरे वाढतात. म्हणून 12 पिचने आम्ही जेमतेम 5000 ला पोहोचलो असतो, आणि काठावरचा आकडा विदर्भात पुरत नाही, कारण येथे ऊन मोजावे लागते. जानेवारीतील सकाळी 12 अंश आणि मे महिन्यातील दुपारी 45 अंश, एवढ्या फरकाने हवेची घनता सुमारे 10 टक्क्यांनी घटते. इंजिनाला तेवढा प्राणवायू कमी मिळतो आणि ताकद उतरते. हिवाळ्यात बरोबर वाटणारा पंखा उन्हाळ्याच्या सुट्यांत, नेमक्या गर्दीच्या दिवसांत, जड पडतो. चाचणी घ्यायची तर ती कडक उन्हात आणि भरल्या बोटीनेच घ्यावी, ही माझी ठाम सूचना आहे.

पिच कमी होताना व्यास 11⅛ वरून 11⅝ झाला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. कमी पिचच्या पंख्याचा व्यास बहुधा थोडा मोठा ठेवलेला असतो, आणि ओझे ओढताना त्याचा फायदाच होतो. आमच्या मोजणीत नव्या पंख्याने मेच्या दुपारी, पूर्ण प्रवाशांसह, इंजिन 5300 वर गेले आणि केवळ चालक असताना 5800 वर. दोन्ही टोके पुस्तिकेच्या मर्यादेत बसली, हे या पंख्याचे सर्वांत मोठे यश मी मानतो. भरलेली बोट आता लवकर पाण्यावर उचलली जाते आणि नाक वर करून रेंगाळत नाही. रिकाम्या बोटीचा कमाल वेग ताशी सुमारे तीन किलोमीटरने घटला. प्रवासी वाहतुकीत त्याचे काहीच अडत नाही.

दुकानदाराने स्टेनलेस स्टीलचाही पर्याय सुचवला होता. त्याची पाती पातळ आणि ताठ असतात, वेगात वाकत नाहीत, झीजही कमी होते. मात्र किंमत कितीतरी जास्त, आणि आमचे पाणी त्याला योग्य नाही. 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणाच्या पाण्याखाली शेते, गावठाणे आणि बांधांवरची झाडे बुडाली आहेत. पाणी उतरले की जुने खुंट आणि भिंतींचे अवशेष पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतात, आणि गढूळपणामुळे ते दिसत नाहीत. अशा ठिकाणी ॲल्युमिनियमचे पाते वाकते किंवा तुटते आणि धक्क्याचा बराचसा भाग स्वतः सोसते. स्टीलचे पाते तो आत, हब (पंख्याचा मधला, दांड्यावर बसणारा भाग) आणि गिअरकडे, पोहोचवते. मोकळ्या, खोल पाण्यात वेगाने जाणाऱ्यांनी स्टीलचा विचार अवश्य करावा.

हबची तपासणी मात्र कोणत्याही पंख्यात सोडू नये. हबच्या आतील दात्यांची संख्या शाफ्टशी, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याशी, जुळली पाहिजे. यामाहाच्या पंख्यांवर मापानंतर छापलेले अक्षर हबचा प्रकार दर्शवते, ते मागणी नोंदवताना कळवावे. आमच्या पंख्याच्या हबमध्ये, आतील नळी आणि बाहेरील भाग यांच्यामध्ये, रबर दाबून बसवलेले आहे. ते सुटले की इंजिनाचे फेरे वाढतात आणि बोट पुढे सरकत नाही. अशा वेळी थ्रॉटल अगदी कमी ठेवून काठ गाठता येतो. आतील नळी आणि बाहेरील कडा यांवर एकच रंगरेघ ओढून ठेवावी. रेघेचे दोन भाग एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर रबर घसरले आहे हे निश्चित समजावे.

उणिवाही आहेत. पावसाळ्यातील गाळमिश्रित पाण्याने पात्यांच्या पुढच्या कडांवरील रंग लवकर गेला. सोबत नवी कॉटर पिन (नट सुटू न देणारी पिन) आली नव्हती, ती वेगळी घ्यावी लागली. पाती जाड असल्याने बेशरमाच्या फांद्या आणि हायड्रिला ही पाणवनस्पती कापण्याऐवजी गुंडाळले जातात. उथळ काठाला थ्रॉटल कमी करून इंजिन थोडे वर उचलावे लागते.

मासेमारीच्या जाळ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि तो पंख्याच्या दर्जाशी निगडित नाही. जाळ्यांचा तंगूस (नायलॉनचा दोरा) पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळला गेला की तो सील कापतो, पाणी गिअरच्या तेलात शिरते आणि तेल दुधट होते. म्हणून किल्ली काढून, इंजिन पूर्ण बंद असल्याची खात्री करून, पंखा वेळोवेळी उतरवावा, शाफ्ट पुसून जलरोधक ग्रीस लावावे आणि वॉशरची बाजू न चुकता तो पुन्हा बसवावा.

बोटीत चार माणसांपेक्षा अधिक क्वचितच बसत असतील, तर याच इंजिनासाठी 11⅜ × 12 हे माप आधी तपासून पाहावे. जुना 13 पिचचा पंखा आम्ही पाते सरळ करून बोटीतच ठेवला आहे, त्यासोबत नट, कॉटर पिना, पक्कड आणि पाना. तो पंखा आता कंप पावतो, त्यामुळे रोजच्या फेऱ्यांसाठी मी तो वापरणार नाही. पलीकडच्या काठाला प्रवाशांसह अडकल्यास सावकाश परत येण्यासाठी तो पुरेसा आहे.