२२ हजारांचा रिमॅप, जो गाडीत कधी भरलाच नव्हता

माझ्याकडे २०१४ ची स्विफ्ट व्हीडीआय आहे, सेकंडहँड घेतलेली. तेच ते १.३ मल्टीजेट, ज्याला लोक राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणायचे, ७५ पीएस आणि १९० एनएम. ज्याने चालवलीय त्याला माहितीय, दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी झोपलेली असते आणि मग एकदम लाथ मारते. मी ५० हजार बाजूला काढलेले आणि कागदावर क्रम पण लिहिलेला, आधी टायर, मग ब्रेक, मग सस्पेन्शनचे खालचे रबरी बुश, आणि पैसे उरलेच तर रिमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची (ईसीयू) फाईल बदलून पॉवर वाढवणं. हा कागद खिशात घालूनच पिंपरीकडच्या एका ट्यूनिंगवाल्याकडे सल्ला घ्यायला गेलो आणि तिथंच माती खाल्ली.

त्याने कागद वाचला आणि हसला. "दादा, टायर काय पंक्चरवाला पण टाकून देतो, त्यासाठी आमच्याकडे कशाला येता? आधी इंजिन मोकळं करा." मग चहा आला, मग लॅपटॉप उघडला, मग कुणाकुणाच्या गाड्यांचे व्हिडिओ. तासाभरात माझा क्रम उलटा झाला होता. रिमॅप २२ हजार, फ्री फ्लो एक्झॉस्ट (धूर कमी अडवणारा सायलेन्सर) १४ हजार, लाल कापडी एअर फिल्टर साडेपाच हजार. एकूण साडेएकेचाळीस, निम्मे जीपे निम्मे कॅश, बिल नाही. बिल मागितलं तर म्हणाला जीएसटी लावतो मग, १८ टक्के वर द्या. मी गप्प बसलो.

दोन दिवसांनी गाडी मिळाली आणि खरं सांगतो, मला फरक जाणवला. पायाने नुसतं शिवलं की गाडी पळायची. सोबत डायनोचा, म्हणजे गाडीची पॉवर मोजणाऱ्या मशीनचा, रंगीत ग्राफ, आधी इतके नंतर इतके, मी तो फाईलला लावून ठेवला, मित्रांना दाखवला, बायकोला पण दाखवला, तिने विचारलं आवाज एवढा का येतोय.

मग मे महिन्यात महाबळेश्वरवरून पोलादपूरला उतरत होतो, आंबेनळी घाट, गाडीत आई आणि पोरं. निम्म्यात ब्रेकचा वास यायला लागला आणि पेडल मऊ होऊन खाली जायला लागलं. दुसऱ्या गिअरला टाकून, साईडला घेऊन अर्धा तास थांबलो. ब्रेक ऑइल कधी बदललं होतं ते मला माहीतच नव्हतं. ते हवेतलं पाणी शोषतं, डॉट ४ चा उकळबिंदू नवं असताना किमान २३० डिग्री आणि पाणी शिरल्यावर १५५ वर येतो, म्हणजे घाटात ते आतल्या आत उकळतं आणि पाय नुसता वाफ दाबत बसतो. काही शे रुपयांचं काम, माझ्या कागदावर दोन नंबरला लिहिलेलं.

फसवलंय हे मात्र वेगळंच कळालं. ऑफिसमधल्या एकाने त्याच माणसाकडून पेट्रोल गाडी करून घेतली होती, त्याने त्याचा ग्राफ दाखवला आणि तो हुबेहूब माझाच, वरचं गाडीचं नाव सोडून. तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं, माझ्या ग्राफची रेघ साडेसहा हजार आरपीएमपर्यंत गेलेली, आणि माझ्या डिझेलचा काटा पाच हजाराच्या आसपासच लाल होतो. तीन महिने मी तो कागद मिरवत होतो!

दुसऱ्या ट्यूनरकडे नेली. त्याने ईसीयूची फाईल वाचून काढली, कंपनीच्या फाईलशी ताडून बघितली, एक आकडा बदललेला नाही. मग डॅशखाली हात घातला तर एक्सलरेटर पेडलच्या वायरिंगमध्ये एक काळा छोटा डबा. पेडल बॉक्स. तुम्ही पेडल थोडंसं दाबलं की हा ईसीयूला जास्त दाबलंय म्हणून सांगतो, पॉवर तेवढीच. पाय पूर्ण खाली दाबला की त्याला खोटं बोलायला जागाच उरत नाही. आम्ही मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला, पेडल पूर्ण दाबून ४० ते ८० चा टाइम घेतला, डबा लावून आणि काढून, सेकंद सारखेच. हे मी पैसे देण्याआधी आणि गाडी मिळाल्यावर मोबाईलवर केलं असतं तर तिथल्या तिथं पकडला असता.

खरा झटका गाडी लिफ्टवर घेतल्यावर. कॅट कॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) गायब. फ्री फ्लोच्या नावाखाली काढला आणि ठेवून घेतला. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम असतं, भंगारात त्याला चांगला भाव आहे. जुना माल परत द्या असं मी म्हणालोच नव्हतो, सायलेन्सरचा गंजका पाइप घेऊन काय करायचं असं वाटलेलं.

जाब विचारला तर उत्तर तयार होतं, "आम्ही मॅप भरलेला, तुम्ही सर्व्हिस सेंटरला नेली असणार, त्यांनी अपडेट मारलं, त्यात आमचा मॅप उडाला." आणि मी खरंच नेली होती एकदा. ग्राहक आयोगात जावं तर बिल नाही, पोलिसात जावं तर कंपनीने दिलेल्या गाडीत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मुळातच मनाई, आणि १८२-ए खाली मालकालाच एकेका बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे तक्रारीत पहिला आरोपी मीच. त्याचा धंदा याच्यावरच चालतो, नुसत्या हुशारीवर नाही.

आता जमेल तसं करतोय. ब्रेक ऑइल आणि पुढचे पॅड झाले, १६५/८० आर १४ काढून १८५/७० आर १४ टायर टाकले, दुकानदाराकडून चारही टायरवरचे तारखेचे आकडे आधी वाचून घेतले (२३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा), तो जरा वैतागला. लोअर आर्मचे बुश पुढच्या महिन्यात. डबा काढलाय, जुना सायलेन्सर मिळवून बसवलाय. पीयूसी निघते, कारण डिझेलला धूरच मोजतात, पण कॅट कॉनचा कंपनीचा भाव ऐकून मी फोन ठेवला होता, अजून परत लावलेला नाही.